मनुष्यबळाची पदवी आणि आस्थापनेची फाईल

सरकारी अधिकाऱ्यांमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन व नेतृत्वकौशल्य या विषयांत पदव्युत्तर पदवी घेण्याची ओढ आहे. केंद्रीय रजा नियम, १९७२ प्रमाणे सबंध सेवेत सर्वसाधारणपणे २४ महिन्यांपर्यंत अध्ययन रजा मिळू शकते, आणि अभ्यासाचा कामाशी थेट व निकटचा संबंध असावा ही नियमाचीच अट आहे. माझा आक्षेप शिकण्याला नाही. हा निकटचा संबंध पुढे कोणी तपासत नाही, याला आहे.

अभ्यासक्रम उघडून पाहावा. माणसे कशी निवडावीत, पगार कसा ठरवावा, चांगल्याला बढती आणि नालायकाला निरोप कसा द्यावा. हे सारे ज्याच्या हाती आहे अशा खाजगी कंपनीतल्या व्यवस्थापकासाठी ते लिहिलेले आहे. आपल्या जिल्हा कार्यालयाच्या प्रमुखाच्या हाती यातले काय असते? भरती लोकसेवा आयोग किंवा निवड मंडळ करते, पगार वेतन आयोगाच्या शिफारशींवरून ठरतो, आणि बडतर्फीला संविधानाच्या अनुच्छेद ३११ ची चौकट आहे. ही चौकट असलीच पाहिजे. ती नसती तर दर सत्तांतराला कारकून बदलले गेले असते. पण मग शिकायचा विषयही वेगळा हवा.

मूल्यमापनाचेच घ्या. अखिल भारतीय सेवांसाठी २००७ साली नवे नियम आले, एक ते दहा असे गुणांकन आले, आणि आठच्या वरचा तो असाधारण ठरला. २००८ च्या देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधितास कळवलाच पाहिजे असे सांगितले. निर्णय न्याय्यच होता. परंतु समोरासमोर उणे सांगण्याची सवय नसलेल्या वरिष्ठाने त्यावर सोपा उपाय शोधला: सर्वांना नऊ! हाताखालच्या माणसाला त्याचे कोठे चुकते हे त्याचा अपमान न करता सांगता येणे, हे माझ्या मते नेतृत्वाचे पहिले कौशल्य. ते शिकवता येते, पण त्याला तक्ते आणि आलेख पुरत नाहीत.

सरकारातले खरे मनुष्यबळ व्यवस्थापन जिथे चालते ती जागा म्हणजे आस्थापना शाखा. सेवापुस्तक, ज्येष्ठता सूची, बिंदुनामावली, वेतननिश्चिती, विभागीय चौकशी, अनुकंपा नियुक्ती हे सगळे तिथे. आणि या शाखेत जायला कोणी तयार नसतो. पदवीधर तर नाहीच नाही! सेवापुस्तकात दोन वर्षांच्या सेवेची पडताळणी राहिली, नामनिर्देशनाचा कागद लावायचा राहिला, आणि शिपाई अचानक वारला, तर त्याची विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी खेटे घालते. त्या बाईला प्रेरणेचे सिद्धांत ऐकवावेत काय? ज्येष्ठता सूची वर्षानुवर्षे अंतिम होत नाही म्हणून पदोन्नतीविना निवृत्त होणारा लिपिक आपल्याकडे अपवाद नाही. त्याचे मनोधैर्य उंचावण्यासाठी आपण एक दिवसाची कार्यशाळा घेतो.

२०२० च्या मिशन कर्मयोगीने प्रशिक्षण खालच्या कर्मचाऱ्यापर्यंत संगणकावरून पोहोचवले, हे स्वागतार्ह आहे. मात्र प्रमाणपत्रांची मोजदाद सुरू झाली की आपण ती कशी भरून काढतो हे सर्वांना ठाऊक आहे.

पदव्युत्तर अभ्यासाला प्रबंध असतो. ‘परिवर्तनशील नेतृत्व’ या विषयावर शंभर पाने लिहिण्याऐवजी अधिकाऱ्याने एखाद्या कार्यालयाची आस्थापना घ्यावी, तिथली सेवापुस्तके आणि ज्येष्ठता सूची का रखडली याचा शोध घ्यावा आणि ती पुरी करून दाखवावीत. रजेनंतर तीन वर्षे सेवेत राहण्याचे बंधपत्र सरकार लिहून घेते. त्या काळात कोणते काम करावे याचा उल्लेख त्यात नसतो. रजा मंजूर करतानाच आदेशात लिहावे की परतल्यावर किमान दोन वर्षे नेमणूक आस्थापनेवर राहील.