गुण खरा, पण किती?

‘अमुक औषधानें रोग निम्म्यावर आला’ असें वर्तमानपत्रांत छापून आलें कीं घरोघरीं त्या औषधाची चर्चा सुरू होते. अशा वेळीं सुज्ञ वाचकांनीं दोन प्रश्न निरनिराळे विचारावे, असें आम्हांस वाटतें. आलेला गुण खरा, कीं योगायोग? आणि खरा असल्यास तो किती? शास्त्रीय लेखांतील ‘संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय’ हे भारदस्त शब्द केवळ पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतात. दुसऱ्याविषयीं ते मौन धरतात. त्यासाठीं परिणामाचें परिमाण पाहावें लागतें.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. अमेरिकेंत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक प्रयोग झाला. ११,०३७ जणांस एक दिवसाआड ॲस्पिरिनची गोळी व ११,०३४ जणांस तशीच दिसणारी औषधहीन गोळी देण्यांत आली. सरासरी पांचेक वर्षांनीं, १९८८ सालीं, निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिन घेणारांपैकीं १०४ जणांस, तर इतरांपैकीं १८९ जणांस हृदयविकाराचा झटका आला होता. एवढा फरक निव्वळ योगायोगानें पडणें जवळजवळ अशक्य होय. गुण खरा ठरला.

आतां किती तें पाहूं. झटके सुमारें ४५ टक्क्यांनीं घटले, हें खरेंच. परंतु हजारीं हिशेब मांडला तर १७ झटक्यांचे ९ झाले. म्हणजे हजारांतील ८ जणांचा झटका टळला. ९ जणांस गोळी घेऊनहि तो आला. आणि ९८३ जणांस गोळीवांचूनहि तो येणार नव्हता.

मग एवढी खात्री कशानें मिळाली? प्रयोगांतील माणसांच्या मोठ्या संख्येनें. सोनाराच्या कांट्यास गुंजभर फरकहि कळतो. म्हणून कांहीं गुंज जड होत नाहीं.

मात्र आठ ही संख्याहि तुच्छ मानूं नये. ती आठ कुटुंबें आहेत. प्रश्न असतो तो मोबदल्याचा. ॲस्पिरिननें रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि लाभ लहान असला कीं असा धोका त्यास सहज गिळून टाकतो. म्हणूनच २०२२ सालीं अमेरिकेंतील रोगप्रतिबंधविषयक तज्ज्ञमंडळानें, हृदयविकार नसलेल्या साठीच्या पुढील माणसांनीं पहिला झटका टाळण्यासाठीं ही गोळी नव्यानें सुरू करूं नये, असा सल्ला दिला. ज्यांस डॉक्टरांनीं ती दिली आहे त्यांनीं मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.

यापुढें टक्क्यांची बातमी वाचतांना वाचकांनीं इतकेंच विचारावें: हजारीं किती, आणि कोणत्या मोलानें?