पोरांची रिमोट गाडी : नमुना दारातच उभा आहे



सुट्टीत पोरं मोडक्या खेळण्यांतल्या मोटारी, पत्रा, बॅटरी जमवून रिमोटची गाडी करायला बसतात. गाडी सरळ पळते; पण वळताना पुढची चाके फरफटतात आणि दगडावर चढली की एक चाक हवेत राहते. ‘पुरे तो पसारा’ असे ओरडण्याआधी त्यांना घेऊन ट्रॅक्टरपाशी जा.

पुढची चाके एका बाजूला पुरती वळवा. मग इंजिन बंद करा, ब्रेक लावा, किल्ली खिशात घाला. आता समोरून पाहा. आतले चाक जास्त वळलेले दिसेल, बाहेरचे कमी. मळणीत तिवड्याजवळचा बैल लहान फेरा घेतो, कडेचा मोठा, तसेच हे. ही युक्ती मुळात घोडागाडीसाठी निघाली. म्युनिकच्या लँकेनश्पेर्गरने ती काढली आणि 1818 साली आकरमनने लंडनला तिचे पेटंट घेतले.

खेळण्यात ती अशी बसवा. पुढची चाके ज्या दोन खिळ्यांवर वळतात, त्यांत 14 सें.मी. अंतर ठेवा. मागचा आख तिथून 24 सें.मी. मागे घ्या. प्रत्येक चाकाला मागे जाणारी अडीच सें.मी.ची पट्टी जोडा, पण ती मागच्या आखाच्या मध्याकडे रोखलेली हवी. दोन्ही पट्ट्यांना जोडणारी आडवी दांडी मग 12.6 सें.मी. भरते. सर्व्हो मोटारीने ही दांडी डावी-उजवी सरकवायची.

हवेतल्या चाकाचे उत्तरही तिथेच आहे. बहुतेक ट्रॅक्टरांचा पुढचा आख मधोमध जाड पिनेवर झुलतो, म्हणून सरी-वरंब्यातही चारी चाके टेकतात. खेळण्यात हे काम एक बोल्ट करतो. स्प्रिंग घालायचीच तर गाडीच्या वजनाने ती थोडी दबलेली असावी. नाहीतर खड्ड्यात चाक खाली उतरणार नाही. फार ताठ असली तर गाडी उडते, फार मऊ असली तर वळणावर कलते.

पिन किंवा बुश लेथवर करून हवे असेल, तर कोल्हापूरला गेल्यावर शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा. ओतकाम, लेथकामाचा तो जुना भाग आहे.

खेळण्याचा सांधा ढिला झाला की गाडी भरकटते, हे पोरांना आपोआप कळेल. तेव्हा ट्रॅक्टरचा टायरॉडही त्यांच्यासमोर हलवून पाहा. उसाची भरली ट्रॉली मागे असताना तिथला ढिलेपणा जिवावर बेततो. गळीत हंगामाआधी तो मिस्त्रीकडून नीट करून घ्या, आणि दाखवायला पोरांनाही सोबत न्या.