चालणार मी, पैसे तुमचे

येत्या मे महिन्यात मी इंग्लंडच्या उत्तर भागात १३५ किलोमीटर चालणार आहे, आणि त्यापायी गेले काही आठवडे ओळखीच्या प्रत्येकाकडे पैसे मागत सुटले आहे. शेजारी, ऑफिसातली मंडळी, इथल्या गणपतीत भेटणारी मराठी कुटुंबं आणि सांगली-कोल्हापूरकडचं सगळं सासर-माहेर, कुणालाही सोडलेलं नाही. पैसे माझ्या खिशात जायचे नाहीत. काँगो, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, नायजेरिया अशा लढायांनी पोळलेल्या देशांतल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या ‘विमेन फॉर विमेन इंटरनॅशनल’ या संस्थेला ते जायचे आहेत.

इंग्लंडमध्ये हा प्रकार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथं कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी डोकं भादरून घेतं, कुणी महिनाभर दारू सोडतं, आणि शेजारपाजारचे त्यावर निमूटपणे पाच-दहा पौंड देतात. आमच्या घरी मात्र पहिल्याच फोनला गाडी अडली. “वहिनी, चालणार तुम्ही, दमणार तुम्ही, आणि पैसे आम्ही द्यायचे ते तिसऱ्याच बाईला. यात तुमच्या चालण्याचा संबंध काय?” असं धाकट्या नणंदेनं विचारलं. बँकेतून निवृत्त झालेले मामा त्याहून रोकठोक. “रेल्वेचं भाडं, राहण्याचा खर्च, नवे बूट. तेवढे पैसे सरळ त्या संस्थेला पाठव आणि घरी बस. गुडघे तरी वाचतील.”

मामांचा हिशेब बिनचूक आहे. त्यावर मला चटकन काही सुचलं नाही. उत्तर दिलं आत्यानं, जी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर जाते. “अगं, लोणंद-फलटणला लोक आम्हाला जेवू घालतात, ते काय आम्ही उपाशी मरू म्हणून? ज्याला शेत सोडून निघता येत नाही, तो चालणाऱ्याला घालतो. त्याची वारी तिथंच होते.” इंग्लंड वर्षानुवर्षं चॅरिटीवर पुस्तकं लिहितंय, पण इतकं नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. फरक एवढाच, की वारीत दिलेलं चालणाऱ्याच्या पोटात जातं आणि इथं ते चालणाऱ्याच्या हातून पुढं सरकतं.

पुढं सरकवण्यासाठी मागत चालायचं, हा पाठही आपल्याकडे घालून दिलेला आहे. १९५१ साली तेलंगणात सशस्त्र उठाव पेटला होता. एका बाजूला जमीनदार आणि फौज, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्टांची दलं, आणि मधे भूमिहीन माणसं. विनोबा त्या मुलखात पायी गेले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकरांची गरज सांगितली आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदारानं तिथल्या तिथं १०० एकर देऊ केले. मग पुढची तेरा-चौदा वर्षं हा गागोद्याचा माणूस देशभर चालत राहिला. मला तुमच्या घरातला आणखी एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, असं सांगत राहिला. ४० लाख एकरांहून अधिक जमीन दानपत्रांवर आली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच कोर्टकज्ज्यातली, आणि पुष्कळशी कधी वाटलीच गेली नाही. भूदान फसलं असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. पण विनोबा मोटारीतून उतरले असते तर किती जणांनी त्यांना ओसरीवर बसवून जमिनीचं बोलणं काढलं असतं? धुळीनं भरलेले पाय दारात आले की नाही म्हणणं जड जातं. मागणाऱ्यानं आधी काहीतरी सोसलेलं असतं, एवढाच चालण्याचा संबंध. नणंदबाईंना मी हेच कळवलं. त्यांनी ‘बघते’ म्हटलं आहे.

माझ्या या खटाटोपाची खरी पूर्वज पोर्टलंडची आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या या शहरात राहणाऱ्या लिसा शॅनननं २००५ च्या सुरुवातीला ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात काँगोच्या युद्धातल्या बायकांवरचा भाग पाहिला. लक्षावधी माणसं मेली होती, बलात्कार हे तिथलं हत्यार बनलं होतं, आणि तिच्या शहरात त्याचा कुणाला पत्ता नव्हता. त्याच वर्षी ती वाइल्डवुड ट्रेल नावाची जंगलवाट, जवळजवळ ३० मैल, एकटीनं पळाली. २८ हजार डॉलर जमले ते याच संस्थेला गेले. पुढं त्यातून ‘रन फॉर काँगो विमेन’ उभं राहिलं, इतर शहरांतून बायका पळू लागल्या. लिसा काँगोलाही जाऊन आली आणि जे पाहिलं त्यावर तिनं पुस्तक लिहिलं. तिच्या त्या पहिल्या पळण्यात मला आवडतं ते हे, की त्यात विमान नव्हतं. घराजवळची वाट, पायातले बूट, संपलं.

कारण गेल्या काही वर्षांत या पुण्यकर्माचा धंदा झाला आहे, आणि त्याबद्दल गोड बोलायची माझी तयारी नाही. किलिमांजारो, माचू पिचू, चीनची भिंत, सहारा. चकचकीत पत्रकं घरी येतात. त्यात दोन रस्ते दिलेले असतात. पहिला, आपला प्रवासखर्च आपण भरायचा आणि जमवलेलं सगळं संस्थेला द्यायचं. दुसरा, ठरावीक किमान रक्कम जमवायची आणि त्यातूनच आपलं विमान, तंबू, हमाल आणि वाटाड्या भागवून घ्यायचे. बहुतेकांना दुसरा रस्ता सोयीचा वाटतो. म्हणजे ऑफिसातली रिसेप्शनिस्ट काँगोतल्या बाईसाठी म्हणून दहा पौंड देते आणि त्यातल्या काही पौंडांवर तिचाच सहकारी टांझानियात सूर्योदय बघून येतो. यात लपवाछपवी नसते. अर्जावर सगळं छापलेलं असतं. पण देणारा अर्ज वाचत नाही, फोटो बघतो. यावर संस्थांचं म्हणणं असं, की ट्रेकनं निदान नवी माणसं जोडली जातात. जोडली जात असतील. पण सुटी दुसऱ्याच्या पैशानं आणि पुण्य मात्र आपल्या नावावर, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

म्हणून मी हेड्रियनची भिंत निवडली. घरून रेल्वेनं जाता येतं, तिकीट आणि राहण्याजेवण्याचा खर्च माझा. रोमन सम्राट हेड्रियननं इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनच्या उत्तर सीमेवर ही भिंत बांधायला घेतली. आता तिच्या कडेकडेनं पूर्वेच्या वॉल्सेंडपासून पश्चिमेच्या बोनेसपर्यंत पायवाट आहे. आपल्या सह्याद्रीपुढं चढ किरकोळ. सगळ्यात उंच जागा ३४५ मीटरची, सिंहगडाच्या पायथ्याशीही पोचणार नाही. वारा आणि चिखल मात्र भरपूर, असं जाऊन आलेले सगळेच सांगतात.

या भिंतीशी माझी ओळख एका बाईमुळे आहे. वॉल्सेंडच्या जवळ, टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्सला रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तिथल्या संग्रहालयात एक थडग्याचा दगड आहे. वेताच्या खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर चाती, एका बाजूला लोकरीची टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा झिजून, फुटून गेलेला. नाव रेजिना. जमात कातुवेलाउनी, म्हणजे मी राहते त्या हर्टफर्डशरच्याच परिसरातली. ती गुलाम होती. बारातेस नावाच्या माणसानं तिला मुक्त केलं, तिच्याशी लग्न केलं, आणि ती तिसाव्या वर्षी गेल्यावर हा दगड उभारला. बारातेस आलेला होता सीरियातल्या पाल्मिराहून. वर लॅटिनमध्ये रीतसर मजकूर आहे. खाली त्याच्या स्वतःच्या पाल्मिरी लिपीत एक छोटी ओळ, जी त्या गावात त्याच्याशिवाय क्वचितच कुणाला वाचता आली असेल. तिचं नाव, बारातेसनं मुक्त केलेली एवढी ओळख, आणि शेवटी हाय, बस्स.

ही प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. मला ती तेवढी गोड वाटत नाही. रेजिना बाजारात आली ती साम्राज्याच्या जोरावर चालणाऱ्या गुलामांच्या व्यापारातून, आणि मालकाशी लग्न करायला नाही म्हणण्याची तिला किती मुभा होती हे आपण आपल्या मनाशी ठरवावं. पण त्या दगडाकडे बघताना पाल्मिराही डोळ्यांपुढं येतं. २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटनं ते शहर घेतलं, बेलचं मंदिर सुरुंगानं उडवलं, आणि आयुष्यभर त्या अवशेषांची राखण करणाऱ्या खालेद अल असाद या वृद्ध पुरातत्त्वज्ञाची हत्या केली. बारातेसच्या गावच्या आजच्या लेकीसुना तंबूत राहिल्या, सीमा ओलांडून गेल्या.

भिंतीच्या मधोमध एका घळीत सिकॅमोरचं एक प्रसिद्ध झाड होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी रात्री ते करवतीनं कापलं. सगळा देश हळहळला, आठवडाभर पहिल्या पानावर तेच, दोघांना पुढं तुरुंगवासही झाला. झाडासाठी मलाही वाईट वाटलं. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठले होते. एक कोटीहून अधिक माणसं घरातून उखडली गेली आणि बायकांवर जे गुदरलं ते इथं लिहवत नाही. ते सातव्या-आठव्या पानावर असायचं, असलंच तर. तिथं वस्त्यावस्त्यांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी स्वतःच मदतकेंद्रं आणि सार्वजनिक स्वयंपाकघरं उभी केली. मोठमोठ्या संघटनांच्या गाड्या जिथं पोचल्या नाहीत, तिथं या चुली पेटत राहिल्या.

“आपल्याकडच्या बायका काय कमी आहेत?” हा प्रश्न प्रत्येक तिसऱ्या फोनवर येतो. नाहीतच कमी. मे २०२३ पासून मणिपूर जळलं. त्याच्या कितीतरी आधी, २००४ मध्ये, तिथल्या एका गावात एका तरुणाला गोळ्या घातल्या गेल्यावर त्याच्या विधवेला शिवणयंत्र घेऊन देण्यापासून बीनालक्ष्मी नेप्राम यांनी ‘मणिपूर विमेन गन सर्व्हायव्हर्स नेटवर्क’ची सुरुवात केली. काश्मीरमध्ये कुपवाड्याला अनाथ मुलींची घरं चालवणारी ‘बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन’ ही अधिक कदम यांची, म्हणजे पुण्याचीच. हा प्रश्न विचारणाऱ्याला मी ही दोन्ही नावं देते. खरंच पैसे पाठवणारे फार थोडे; बाकीच्यांना प्रश्न विचारण्यातच समाधान असतं.

मला स्वतःला अडचणीत टाकणारा प्रश्न वेगळा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनं परदेशी मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचं जाहीर केलं. वाचलेला पैसा संरक्षण खात्याला. त्याआधी ०.७ वरून ०.५ झालंच होतं. अमेरिकेनं तर आपली मदतसंस्थाच त्याच वर्षी गुंडाळली. म्हणजे मी इथं पाच-पाच पौंड गोळा करते आणि माझ्याच करातून जाणारे कोट्यवधी पौंड पलीकडून काढून घेतले जातात. चालून ही भगदाडं बुजत नाहीत. म्हणून पैशांच्या प्रत्येक विनंतीबरोबर मी आमच्या मतदारसंघाच्या खासदाराला लिहायच्या पत्राचा मसुदाही पाठवते. पत्र लिहायला पैसेही पडत नाहीत. तरी पैसे देणारे जास्त निघतात.

‘विमेन फॉर विमेन’ हीच संस्था का, तेही सांगते. झैनब साल्बी ही बगदादची मुलगी, सद्दामच्या वैमानिकाची लेक. १९९३ मध्ये बोस्नियातल्या युद्धात सापडलेल्या बायकांसाठी तिनं हे काम सुरू केलं. साराएव्होला तेव्हा वेढा पडला होता, तो पुढं एकूण १४२५ दिवस चालला. साल्बी सांगते, की पुढच्या वेळी येताना काय आणू असं तिनं तिथल्या बायकांना विचारलं, तेव्हा एकीनं लिपस्टिक मागितली. टिपून मारणाऱ्या बंदूकधाऱ्याला कळू दे की तो एका सुंदर बाईला मारतोय, असं तिचं म्हणणं. मदतीच्या कुठल्याही यादीत लिपस्टिक बसत नाही. यादी करणारा पीठ, तेल, ब्लँकेट लिहितो. ती गरजेची असतातच, पण बाईला काय हवं हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही. या संस्थेच्या कामात म्हणूनच रोख रकमेला जागा आहे. पंचवीसेक बायकांचा गट, वर्षभराचं शिक्षण, हिशेब, हक्क, एखादा धंदा, आपल्या बचत गटांसारखी शिल्लक, आणि दरमहा हातात थोडे पैसे. ते कशावर खर्चायचे ते तिचं ती ठरवते. शेळी घेईल, पोरीची फी भरेल, नाहीतर लिपस्टिक आणेल.

तेव्हा वाचकहो, माझ्या चालण्याला पैसे नाही दिलेत तरी माझा राग नाही. पण पुढच्या खेपेला कुणी ट्रेकसाठी तुमच्याकडे हात पुढं केला, तर दोन गोष्टी जरूर विचारा: तुझा प्रवासखर्च कोण देतंय, आणि त्या बाईच्या हातात रोख काही पडणार आहे का. उत्तर सरळ आलं तर हात आखडू नका. नाही आलं, तर तेच पैसे मणिपूरला किंवा कुपवाड्याला पाठवा. तिथंही ते लागणारच आहेत.