घर घेण्याआधी परसदार पाहा

घर विकत घेताना आपण कौले, विहीर आणि कागदपत्रे पाहतो. परसदारातले तण कोणी पाहत नाही. ही चूक महागात पडते, असे आमचे मत आहे.

गाजर गवताची, म्हणजेच काँग्रेस गवताची, नोंद 1955 साली पुण्यात झाली. आज जोयडा तालुक्यातही रस्त्याकडेला व ओसाड आवारात ते दिसते. एका झाडाला 10,000हून अधिक बिया येऊ शकतात. त्या मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागाने दमा बळावतो. म्हणजे घरासोबत आपण खुरपणी आणि दुखणेही विकत घेतो.

इंग्लंडात घर विकणाऱ्याला जपानी नॉटवीड या चिवट तणाबद्दल लेखी विचारतात. आपल्याकडे तशी रीत नाही. तरी विकणाऱ्याने आपणहून खरे सांगावे. तण वरवर कापून आवार स्वच्छ दाखवणे ही फसवणूकच होय. घेणाऱ्याने पावसाळ्यात एकदा आवार फिरून पाहावे.

तण आढळलेच, तर फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. शेजाऱ्यालाही सोबत घ्यावे. नाहीतर त्याच्या आवारातले बी पुन्हा आपल्याकडे येणारच.