कावळ्याचे अर्धे गणित

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणार नाही. इसापाच्या नावावर असलेली ही गोष्ट आपण बालपणी वाचली, 'युक्तीने सर्व साधते' हे तात्पर्य वहीत उतरवले आणि मोकळे झालो. पण रांजणात मुळात पाणी किती होते, हे कोणी विचारले काय? गुरुजींनीही नाही! माझ्या मते गोष्टीचे सारे मर्म त्या प्रश्नातच आहे.

खडा बुडाला की तो स्वतःच्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारतो व पातळी चढते. येथवर ठीक. पण खडे कितीही रचले तरी त्यांच्यामध्ये फटी राहतातच. सारख्या आकाराचे गोलसर खडे भांड्यात ओतले, तर सुमारे ४० टक्के जागा या फटींचीच असते. आता १० सेंटिमीटर उंचीचा सरळ पेला घ्या, त्यात अडीच सेंटिमीटर पाणी ओता आणि खडे टाकत जा. पाणी सहा सेंटिमीटरच्या जरासे वर येते आणि थांबते. पुढचे खडे कोरडेच एकावर एक बसतात. पेला काठोकाठ खड्यांनी भरला तरी पाणी खाली फटींत दडलेले, आणि कावळा तहानलेलाच! तोच पेला आधी अर्धा भरलेला असता, तर पाणी सहज काठाला आले असते. तेव्हा गोष्टीतला कावळा हुशार होता हे खरे, पण नशीबवानही होता.

(इंग्लंडमधील संशोधकांनी २००९ साली 'रूक' या कावळ्याच्या जातभाईंवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. नळीतील पाण्यावर तरंगणारी अळी मिळविण्यासाठी या पक्ष्यांनी खरोखरच खडे टाकले; पाण्याऐवजी भुसा भरलेल्या नळीत खडे टाकून उपयोग नाही, हेही ते शिकले. त्यांनी तात्पर्य पाठ केले नव्हते.)

"आपण कलाशाखेचे; आपल्याला हे कशाला?" असे काही मित्र म्हणतील. त्यांनी उन्हाळ्यात कोरड्या नदीकडे पाहावे. कावळ्याला नडलेल्या याच फटी नदीकाठच्या गावाला तारतात. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पाणी मुरून राहते आणि वरच्या थरामुळे उन्हापासून बरेचसे वाचते. म्हणून तर वैशाखात पात्रात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरता येतो. वाळू उपसली की पाणी साठवणारे भांडेच जाते. मग काठच्या विहिरी आटल्या तर नवल कसले?

उद्या आपल्यातलेच कोणी तलाठी होतील, कोणी सरपंच, कोणी वार्ताहर. वाळूच्या लिलावाची चर्चा निघते ती महसुलाची. वाळू मोजतात ब्रासात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २,८३० लिटर जागा. तिच्यात एक-तृतीयांश पोकळी धरली तरी ९०० लिटरांहून अधिक पाणी मावते. सगळे काही हाती लागत नाही, थोडे कणांनाच चिकटून बसते. तरी १५ लिटरांच्या हंड्याने मोजले तर ही ६० हंड्यांची जागा झाली, आणि तीही एका पावसापुरती नव्हे, दरवर्षीची. अर्थशास्त्राच्या तासाला हे गणित एकदा फळ्यावर मांडले जावे, अशी आमच्या प्राध्यापकांना विनंती आहे. खडे आणि पेला आम्ही घेऊन येऊ.