फळा खाली आणा

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षीचा तो फोटो ग्रुपवर परत फिरायला लागलाय. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला दिलेला स्मार्ट बोर्ड, त्याला झेंडूचा हार आणि शेजारी ओळीनं उभे आपण सगळे. डावीकडून तिसरा मी. म्हणजे खाली जे लिहिणार आहे ते सगळ्यात आधी मलाच लागू आहे. आता फोटोखाली नवी यादी आलीय, दुसऱ्या वर्गालाही असाच बोर्ड, प्रत्येकी पाच हजार. पाच हजार द्यायला माझी ना नाही. बोर्डाला देणार नाही. का, ते सांगतो.

शाळेचं नाव घेत नाही. निपाणी भागातली मराठी शाळा, एवढं पुरे.

महिन्याभरापूर्वी न कळवता गेलो. चौथीचा वर्ग. बोर्ड माझ्या डोक्याच्या वर टांगलेला, त्यावर जुन्या साडीचा शिवलेला पडदा. पोरांना विचारलं, "कसा आहे रे बोर्ड?" एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "त्येला हात लावायचा न्हाई, आजोबा." माझा मान राखायला बाईंनी पडदा काढून कवितेचा व्हिडिओ लावला. पोरांनी हाताची घडी घातली, बघितलं, मग एका सुरात म्हटलं. वीस मिनिटांत एकाही पोराच्या तोंडून स्वतःचं एक वाक्य आलं नाही. आमच्या वेळी मास्तर म्हणायचे आणि आम्ही मागून ओरडायचो. आता मास्तरांच्या जागी बोर्ड, एवढाच फरक.

बाईंना दोष देऊ नका. त्यांच्याकडे दोन वर्ग, दुपारच्या जेवणाचा हिशेब, शिवाय वरून येणारी सतरा रजिस्टरं. आपण बोर्ड दिला, फोटो काढला, जेवलो आणि घरी आलो. तो वापरायचा कसा, हे बाईंना कुणी दोन दिवस बसून दाखवलं का? मी तरी नाही.

त्यात आपल्या सीमाभागाचं त्रांगडं वेगळंच. आपल्या पोरांची पुस्तकं कर्नाटक सरकारची, मराठीत छापलेली. नेटवर मराठीतलं जे बरं मिळतं ते बहुतेक बालभारतीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या पुस्तकांवर बेतलेलं. धड्याला धडा लागत नाही. आणि बोर्डाबरोबर भरून आलेलं साहित्य होतं इंग्रजी आणि हिंदीत! मराठी शाळेला मराठी न येणारा बोर्ड दिला आपण, आणि हार घालताना कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. सगळी नोकरी कर्जाचे कागद तीनतीनदा वाचण्यात गेली माझी, पण तिथं वाचायचं राहिलं.

बँकेवरून आठवलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी आमच्या शाखेत एएलपीएम मशीन आलं. लेजर पोस्टिंगचं यंत्र. त्याला एसीची खोली, काचेचं दार, बाहेर चपला काढायच्या. अक्षरशः देवघर. आत मशीनवर पोस्टिंग व्हायचं आणि विश्वास नको म्हणून बाहेर लेजरमध्येही हातानं चालायचं. काम दुप्पट. काउंटरवरचा शेतकरी टोकन हातात धरून पूर्वीसारखाच बाकावर बसलेला. पुढं एटीएम आलं आणि तोच माणूस स्वतः बटण दाबून पैसे काढायला लागला, तेव्हा कुठं रांग मोडली. शाळेत आपण अजून चपला बाहेर काढण्याच्या काळात आहोत.

लगेच कुणीतरी डिसले गुरुजींचं नाव काढेल. काढा की! सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा, आणि तिथले रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ. दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकले. मला त्या माणसाबद्दल आदरच आहे. पण त्यांनी केलं काय ते नीट बघा. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. घरातल्या साध्या मोबाइलवर पोरगं ते स्कॅन करतं, कविता ऐकतं, कळली नाही तर परत ऐकतं. यंत्र पोराच्या हातात आलं, आणि ते बोलतं पोराला कळणाऱ्या भाषेत. पुढं बालभारतीनंही पुस्तकांत कोड छापायला घेतले. आपण डिसले गुरुजींचं नाव घेतो आणि विकत आणतो भिंतीवरचा टीव्ही.

बरं, सोलापूर लांब वाटत असेल तर ज्या राज्यात राहतो तिथलंच सांगतो. कन्नडचं नाव काढलं की आपल्यातल्या काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, माहीत आहे मला. सीमाप्रश्न त्याच्या जागी. मीही काळा दिन पाळत आलोय. पण चांगलं ते चांगलं. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलि-कलि' सुरू झालं, म्हणजे आनंदानं शीक. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचं बघून तिथल्या शिक्षकांनी उभं केलेलं. पोरं गोल करून गटात बसतात, कार्डं घेतात, भिंतीवर एक शिडी असते, ज्याची जी पायरी झाली तिथून तो पुढं जातो. एकाला वेळ लागला म्हणून बाकीचे थांबत नाहीत, की त्याला टाकून कुणी पुढं पळत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: भिंतीच्या खालच्या बाजूला, बसलेल्या पोराच्या उंचीवर, काळा रंग दिलेला फळा. तो पोरांचा. हवं ते लिहा, पुसा, परत लिहा.

त्यांनी फळा खाली आणला आणि आपण डोक्याच्या वर नेला, वर पडदा घातला.

कोल्हापूर तर आपल्याला चाळीसएक किलोमीटर. तिथं १९८५ साली लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढलं. मूल प्रश्न विचारतं, करून बघतं, चुकतं, त्यातून शिकतं, आणि सगळं मराठीत. तेव्हा कसला आलाय स्मार्ट बोर्ड! बेळगावहून अंबाबाईला वर्षातून दोनदा जाणारे आपण, किती जणांनी वाकडी वाट करून ती शाळा बघितली?

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २९ काढून बघा. मुलांनी कृतीतून आणि शोधातून शिकावं, हे एका उपकलमात. लगेच पुढच्यात, माध्यम शक्यतो मातृभाषा असावं. दोन्ही शेजारी शेजारी लिहिलंय. जे पोरगं ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्याला बोलू दिलं नाही, तर त्याला केंद्रस्थानी बसवून काय उपयोग? पेरू देशानं मुलांना दहा लाखांवर लॅपटॉप वाटले, शिकवण्याची रीत तीच राहिली, आणि शिकणं काही सुधारलं नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात लिहिलंय ते.

आता तुमचा आक्षेप, जो यादी करणाऱ्यांनी मला फोनवर ऐकवला: "साहेब, काहीतरी चकचकीत दाखवल्याशिवाय पालक पोरं मराठी शाळेत घालत नाहीत. पट कमी झाला की शाळा बंद." हे खोटं नाही. मला उत्तर सुचेना, फोन ठेवला. पण विचारतो, आपल्यापैकी कुणाची नातवंडं त्या शाळेत आहेत? माझी नाहीत. पुण्याला इंग्रजी शाळेत आहेत. आपली नातवंडं तिकडं, आणि इकडं आपण जुने कपडे द्यावेत तसा बोर्ड देतो. पोरगं घरी येऊन शाळेत काय केलं ते जेवताना सांगायला लागलं, तर विड्या वळणारी आई ते शेजारणीला सांगणारच. बोर्ड बघून कुणी पोरगं शाळेत घातल्याचं गेल्या वर्षभरात तरी माझ्या ऐकण्यात नाही.

विड्यांवरून सांगतो. तिसरीत आमचे एक मास्तर होते. बाकीच्यांनी छडीच दाखवली, उगाच सगळ्या जुन्याला सोनं म्हणणार नाही. या मास्तरांनी एकदा विचारलं, कुणाची आई विड्या वळते? निम्म्या वर्गाचे हात वर. मग हजार विड्या म्हणजे पंचवीसचे किती कट्टे, हे त्या पोरांनी आम्हा बाकीच्यांना शिकवायचं. मी दुकानदाराचा पोरगा, मला येईना. जी मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नव्हती तिनं खडू घेतला आणि फळ्यावर चाळीस खुणा ओढल्या. भागाकार मी तिच्याकडून शिकलो, त्यावर पुढं बी.कॉम. झालो.

तर माझी मागणी अशी. चारही वर्गांच्या भिंतींना खालून तीन फूट काळा रंग. आपल्या घराघरांत ड्रॉवरमध्ये पडलेले जुने चालू मोबाइल गोळा करून गटाला एक, त्यांत पोरांनीच आपल्या आजीची गाणी, बाजारभाव, धडे आपल्या आवाजात भरायचे. बाईंना कोल्हापूरला आठ दिवस शाळा बघायला पाठवायचं, खर्च आपला. आणि आधी दिलेला बोर्ड भिंतीवरून उतरवून पोरांच्या उंचीला लावायचा, पडदा काढून. फुटला तर फुटला.

रविवारी मीटिंगला चेकबुक घेऊन येतोय. चेकवर नाव अजून लिहिलेलं नाही.