विसरलेल्याची वर्गणी

देपालपूरसारख्या गावात शिवणकाम शिकवणाऱ्या भगिनीने आपल्या वेबसाइटवर पैसे भरणाऱ्या सभासदांसाठी वेगळा विभाग उघडावा का? आम्ही म्हणतो, जरूर उघडावा. कष्टाला मोल हवेच. १८४२ साली अहमदनगरला निघालेल्या ‘ज्ञानोदया’लाही वर्गणीदार लागलेच.

प्रश्न पुढचा आहे. दरमहा खात्यातून आपोआप पैसे कापायचे, तर ग्राहकाला किमान २४ तास आधी सूचना मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण नियम पाळला म्हणजे सचोटी झाली असे नव्हे. किंमत दारातच लिहावी. आत येण्याइतकेच बाहेर पडणेही सोपे ठेवावे. ज्या महिन्यात नवे काही शिकवले नाही, त्या महिन्याचे पैसे घेऊ नयेत. सभासद विसरला आहे हे ठाऊक असूनही त्याची वर्गणी घेत राहणे, हाही खोटा तराजूच.